ड्रायर चालू असताना

आमच्या दुकानात गिऱ्हाइकांना नावं नसतात, केस असतात. एक रंगवाली आहे, भांगात पांढरं दिसायला लागलं की ती हातातली कामं टाकून धावत येते. एक टकलू साहेब आहेत, त्यांचे उरलेसुरले केस कापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्यांचं समाधान करण्यात जातो. एक सुतळी, एक कोंडा, एक टोपलं. तोंडावर अर्थातच मॅडम, काका, ताई. पण गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मी आणि माझी ताई बोलतो ते याच नावांनी.

दुकान ताईचं. मी तिची धाकटी बहीण, लग्न न केलेली आणि दुसऱ्या खुर्चीची मालकीण. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अंगाला अंग घासेल एवढा जिना. दाजी परदेशात बांधकामावर असतात. वर्षातून एकदा येतात आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. बाकी दिवस घरात आम्ही तिघीच. ताई, मी आणि ताईची मुलगी बबडी. बबडीला नुकतंच बारावं लागलंय.

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं समोरासमोर होत नाही, आरशात होतं. हे कोणी ठरवलं नाही, धंद्यामुळे तसं झालं. माणूस खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधलं, की दोघांची तोंडं एकाच दिशेला. बोलायचं तर आरशात बघून बोला, नको असेल तर डोळे मिटा, कोणाला राग येत नाही. चांगली मोठमोठी माणसं या खुर्च्यांत रडलेली मी पाहिली आहेत. आणि एका खुर्चीवरचं दुसरीवर ऐकू जायला नको असेल, तर ताई माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलते. मी लगेच ड्रायर लावते, समोर ओले केस असोत की नसोत. त्या घोंघाटात शेजारी कोणी खून कबूल केला तरी मला कळायचं नाही.

बबडी याच आरशात वाढली. दाजींना बाहेरची नोकरी लागली हे तिला ताईने केस विंचरता विंचरता सांगितलं. आमची आई गेली तेही तसंच. सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकान बंद करायचं, बबडीने ताईच्या खुर्चीत चढून बसायचं, ताईने तिच्या केसांची टोकं कापायची. कापण्याजोगं काही नसायचंच. पण शाळेतलं, मैत्रिणींचं, स्वप्नातलं, सगळं तेव्हा बाहेर पडायचं. मी बाजूला टॉवेलच्या घड्या घालत मध्येमध्ये तोंड घालायची.

मग यंदा एका दुपारी ताईने कापड झटकलं आणि बबडी म्हणाली, "नको. वाढवतेय मी."

तिथून सुरू झालं. आधी खोलीचं दार लोटायला लागली, मग कडी लावायला लागली. बबडी म्हणायचं नाही असा हुकूम सुटला. पूर्वी शाळेतून आली की दप्तर टाकून झाडू हातात घ्यायची आणि खाली पडलेल्या केसांचे ढीग करून कोणाचा ढीग मोठा ते मला सांगायची. आता दुकानातून अशी वर जायची की जणू हे भलत्याच कोणाचं दुकान आहे. मैत्रिणी बरोबर असल्या तर समोरच्या फुटपाथवरून पुढे जायची आणि मागच्या गल्लीने घरात शिरायची. केस एका डोळ्यावर ओढलेले. काही विचारलं की "हं". जेवताना उगाच डोळे भरायचे आणि पाच मिनिटांत आतून खिदळण्याचा आवाज. मी ताईला म्हणायची, फार डोक्यावर बसवलंयस. ताई म्हणायची, वय आहे. मी म्हणायची, आपल्यालाही हे वय होतं, आपल्याला नखरे करायला कोणी वेळ दिला होता? पण रागावून बोलले तरी रात्री तिच्या दाराशी जाऊन कान लावून यायची मीच.

तिचा जीव सगळा त्या मैत्रिणींत. चौघींचा कंपू. कंपूची म्होरकी म्हणजे सरळसोट केसांची एक मुलगी, तिला आम्ही इस्त्री म्हणायचो. आणि बबडीची जिवाभावाची कुरळी. पहिलीपासूनची. तिचे केस आमच्याशिवाय दुसऱ्या कोणी कापलेलेच नाहीत.

आता ती गोष्ट सांगते जी फक्त आम्हा तिघींना माहीत होती. मागच्या खेपेला दाजी परत गेले आणि बबडी झोपेत अंथरूण ओलं करायला लागली. लहानपणी कधीच सुटलेली गोष्ट, आणि आता एवढ्या घोडीला. डॉक्टर म्हणाल्या, पोटात काही नाही, मनात आहे, रागावू नका, जाईल. आम्ही रागावलो नाही. बोललोही नाही. सकाळी ती चादर गुंडाळून दुकानाच्या टॉवेलच्या टोपलीत तळाशी घालायची. टॉवेल रोजच ढीगभर धुवायचे असतात, त्यात एक चादर कोणाला दिसते? मशीन मी लावायची. चादर वाळवून, घडी करून तिच्या पलंगावर ठेवायची. ताई मला नेहमी म्हणते की तुझ्या जिभेला हाड नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही. खरं आहे. टकलू साहेबांच्या विगची गोष्ट मी अर्ध्या गावाला सांगितली आहे. पण ही एक गोष्ट मी पोटात ठेवली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

हळूहळू ते थांबलं. टोपलीत नुसते टॉवेल यायला लागले. त्याच सुमाराला शाळेचं शिबिर जाहीर झालं, रात्रीच्या मुक्कामाचं. आणि एका दुपारी बबडी आपण होऊन खाली आली आणि ताईच्या खुर्चीत बसली. कितीतरी दिवसांनी. ताईने कापड बांधलं आणि कंगवा घेतला.

"आई, जाऊ ना मी शिबिराला?"

ताईने माझ्याकडे बघून भुवई उचलली. मी ड्रायरला हात घातला तर बबडी म्हणाली, "राहू दे गं, माऊला काय." मला ती माऊ म्हणते. मावशी म्हणता येत नव्हतं तेव्हापासूनचं.

"जा की," ताई म्हणाली.

"आता नाही ना होणार तसं?"

"नाही होणार."

"आणि कोणाला कळणार नाही ना?"

"कोण सांगणार? मला माहीत आणि माऊला माहीत."

बबडीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी ओठांना कुलूप लावलं आणि किल्ली कापलेल्या केसांच्या डब्यात टाकली. ती हसली. केस डोळ्यावरून मागे सारून हसली, पूर्वीसारखी. त्या दुपारी ताईने स्वतःच्या हाताने तिची बॅग माळ्यावरून उतरवून पुसून ठेवली.

शिबिराच्या आधी काही दिवस कुरळी आली. रडत आली. कोणीतरी खोडी काढून तिच्या केसांत च्युइंगम चिकटवलं होतं, आणि कुरळ्या केसांत च्युइंगम म्हणजे आमच्याही नाकी नऊ. बर्फ लावायचा, तेल चोळायचं, एकेक केस सोडवायचा, आणि तोवर डोकं जागचं हलता कामा नये. ही पोरगी तर हुंदक्यांनी गदागदा हलत होती. मी पलीकडे रंगवालीच्या डोक्याला रंग फासत होते.

डोकं स्थिर करायची ताईची एक युक्ती आहे. धंद्यात आल्यापासूनची. डोकं हलत असेल तर धरायचं नाही, कान गुंतवायचे. लहान मूल असेल तर आपल्या घरातली एखादी फजितीची गोष्ट सांगायची, हळू आवाजात, फक्त तुला म्हणून सांगते असं. मूल श्वास रोखून ऐकतं आणि मान आपोआप थांबते. ताईने याच युक्तीने किरकिर करणारी शेकडो पोरं गार केली आहेत. त्या गोष्टींत बबडी असायचीच. बबडीने पावडर खाल्ली, बबडी पायरीवर झोपली. बबडी लहान होती तोवर तिलाही त्याची मौज वाटायची.

कुरळी हुंदके देत म्हणाली, "मला शिबिराला जायचंच नाहीये. मला रात्री भीती वाटते. मी अजून मम्मीजवळ झोपते. कंपूतल्या त्या दोघींना कळलं तर हसतील."

ताई तिच्या कानाशी वाकली. हातातला कंगवा थांबला नाही. "अगं, एवढंच ना? आमची बघ, एवढी मोठी झाली, परवापरवापर्यंत अंथरूण ओलं करत होती. आणि तरी निघालीय की नाही ऐटीत? तुम्ही दोघी शेजारी शेजारी झोपा. कोणाला सांगू नकोस हं."

मी सगळं ऐकलं. ताईने भुवई उचलली नव्हती, कारण आपण काही फोडतोय असं तिला वाटलंच नव्हतं. ती एका रडणाऱ्या पोरीला धीर देत होती. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, वा, काय हात आहे हिचा. कारण कुरळीची मान खरोखरच थांबली होती. च्युइंगम निघालं, केस वाचले, पोरगी नाक पुसत हसत घरी गेली.

चार दिवसांनी बबडी शाळेतून आली ती मागच्या गल्लीने नाही, सरळ दुकानातून. गिऱ्हाइकांच्या देखत जिना चढली आणि कडी लावली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. ताईने ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली, डॉक्टरांकडे चल म्हणाली.  ताई गिऱ्हाईक सोडून दर थोड्या वेळाने वर जायची आणि चेहरा पाडून खाली यायची. टकलू साहेबांच्या कानाला तिच्या हातून कात्री लागली. असं कधी म्हणजे कधी झालेलं नाही.

त्या दुपारी रंगवाली आली होती, मागचा रंग फिका बसला म्हणून कुरकुरत. मी रंग लावला, टायमर फिरवला, आणि वरून ताईची हाक आली. हाक कसली, किंकाळी.

बबडी बाथरूममध्ये होती आणि आत कात्री चालत होती. आम्हाला तो आवाज कळतो. धारेवरच्या कात्रीचा, केस मुठीत धरून कापतानाचा. ताई दारावर थापा मारत होती.

"उघड गं. बबडी, उघड ना. कात्री ठेव आधी खाली. काय झालंय ते मला सांग. मी पाया पडते तुझ्या."

"आई, तू खाली जा."

"माझं काही चुकलं का? मी काही केलं का?"

"तू काही नाही केलंस." आतला आवाज घोगरा झाला होता. "माऊ आहे तिथे?"

"आहे मी," मी म्हटलं.

"तुझ्या पोटात काही राहत नाही ना?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. दाराआडून, कात्री चालवत. वर्गात गेली तर तिच्या बाकावर प्लॅस्टिक अंथरलेलं. टेबलावर घालतात तसलं, फुलाफुलांचं. सगळा वर्ग बघत होता. शिबिराला येताना घेऊन ये, गादी खराब होईल, असं कंपूतल्या त्या दोघी म्हणाल्या. मग दप्तरात लहान बाळाची लंगोटी निघाली. तिच्या शेजारी कोणी बसेना. मुलं नाक दाबून जायला लागली. "आणि ती पण हसली. माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तीसुद्धा हसली."

ताईने भिंतीला हात टेकला.

"फक्त तुम्हा दोघींना माहीत होतं," बबडी म्हणाली. "आई मरेल पण कोणाला सांगणार नाही. म्हणजे तू. गिऱ्हाइकांना हसवायला सांगितलंस ना? टकलू साहेबांच्या विगसारखं?"

मी भांडायला तोंड उघडलं. मी कशाची सोडते? मी? एवढ्या चादरी गुपचूप धुतल्या त्या मी? आणि माझं लक्ष ताईकडे गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला कुरळी आठवली होती. बर्फ, तेल, कानाशी वाकून बोललेलं, सगळं. मलाही त्याच क्षणी आठवलं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो आणि आमच्यामध्ये बोलायला आरसा नव्हता.

ताईचे ओठ हलले. "बबडी, ऐक, ते..."

"मला आता शाळेत कोणी नाही," बबडी रडत म्हणाली. "माझं कोणीच नाही आई. फक्त तू आहेस."

आत पुन्हा कात्री चालली.

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं. चुकून तोंडातून गेलं."

कात्री थांबली. त्याच वेळी खाली टायमर वाजायला लागला आणि रंगवाली ओरडली, "अहो, येताय का? डोक्याची आग होतेय माझ्या!"

कडी निघाली. डोकं असं झालं होतं की एरवी मी हसून हसून मेले असते. एकीकडे कानाच्या वर, दुसरीकडे खांद्यापर्यंत, मागे नुसते खड्डे. तिने कात्री ताईच्या हातात दिली आणि तिच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली. मी हात पुढे केला होता. ती माझ्या हाताला वळसा घालून गेली, तिथे एखादी खुर्ची ठेवलेली असावी तशी. मग मी खाली जाऊन रंगवालीचं डोकं धुतलं. रंग इतका गडद बसला होता की ती खूश झाली. वर काय झालं म्हणाली. मी म्हटलं, नळ गळत होता.

संध्याकाळी आम्ही दोघी टॉवेलच्या घड्या घालत होतो. ताई म्हणाली, "मी तिला खरं सांगते."

"सांग."

ती जिन्याकडे बघत राहिली. "उद्या सांगते. आज जरा झोपू दे तिला."

दुसरा दिवस गेला. तिसराही. मला काय वाटलं होतं तेही सांगून टाकते. मी काही फार मोठा त्याग वगैरे केला नव्हता. कात्री थांबवायला म्हणून जे तोंडात आलं ते बोलले. ताई तिथल्या तिथे म्हणेल, नाही गं, मावशी नाही, मी, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. आणि दर दिवशी तिचं न बोलणं माझ्या अंगावर येत होतं.

बबडी माझ्या हातचं खाईना. मी वाढलेलं ताट तसंच राहायचं, तेच ताट ताईने उचलून पुन्हा दिलं की दोन घास पोटात जायचे. खोलीत मी आले की ती उठायची. आणि मग ते पुन्हा सुरू झालं. मला कळलं ते कसं, तर मागच्या खिडकीत ओली चादर टपकत होती. टॉवेलच्या टोपलीत नव्हती. तिने स्वतः बाथरूममध्ये हाताने धुतली होती, नीट पिळताही आलं नव्हतं. खाली अंगणात पाण्याचं थारोळं झालं होतं. मी तिथे उभी राहून एवढी रडले की शेजारची बाई विचारायला आली.

त्या दिवशी मी ताईला धरलं. मोरीपाशी, दुकान उघडायच्या आधी. "माझा केसाने गळा कापलास तू. किती दिवस? मी तुझी बहीण आहे का कोण आहे?"

"मला मारतेस तर मार," ताई म्हणाली.

"मारायचं नाहीये. तोंड उघडायचंय. वर जायचं आणि सांगायचं."

"मी रोज जाते. रोज जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाते." तिने नळ चालू केला, वर ऐकू जाऊ नये म्हणून. "ती रात्री माझा हात धरून झोपते गं. धरलेला सोडत नाही. मी सांगितलं की तो हात पण जाणार. मग ती पोरगी कोणाच्या आधाराने उभी राहील? तू सांग. तू सांगशील तसं करते."

"आणि मी?" मी म्हटलं.

ताईने नळ आणखी मोठा सोडला.  बाथरूमच्या दाराशी नकळत मीदेखील हाच हिशेब केला होता, फक्त त्याची किंमत मला कळली नव्हती.

कुरळीची आई फोन करून तिला घेऊन आली. शिबिराच्या आधी पुढचे केस जरा कमी करायचे होते. आईला काही माहीत नव्हतं. ताई कुरळीला बघताच काहीतरी निमित्त काढून वर गेली. कुरळी माझ्या खुर्चीत बसली आणि तिची आई समोरच्या दुकानात गेली. आमची आरशात नजरानजर झाली. माझ्या हातात धार लावलेली कात्री आणि पुढ्यात तिची मान. माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही.

"कंपूतल्या त्या दोघी मला विचारत होत्या," ती एकदम म्हणाली. "तू घाबरट आहेस का, रात्री रडणार का, असं सारखं विचारत होत्या. माझ्याच मागे लागल्या होत्या. मग माझ्या तोंडातून तिचं निघालं. मग त्यांनी मला सोडलं."

तिची मान कोवळी होती, वर बारीक कुरळी लव. अकरा वर्षांची पोर. तिचा राग करायला मी किती जोर लावला, जमलं नाही.

"ती येणार नाही का शिबिराला?" तिने विचारलं.

"नाही."

"तिला सांगाल का की मी..." तिने कापडाच्या कडेला नाक पुसलं.

सांगता आलं असतं. वर जाऊन बबडीला म्हणता आलं असतं की तुझी मैत्रीण वाईट नाही, तीही घाबरते, तीही अजून आईजवळ झोपते, स्वतःला वाचवायला तिने तुला पुढे केलं. त्याने बबडीला केवढा आधार मिळाला असता. पण मग बबडीने विचारलं असतं, माऊ, तिला हे सांगितलं कोणी, कधी, कुठल्या खुर्चीत? ती हुशार आहे. एक केस ओढला की अख्खी जट सुटून आली असती. मी कुरळीचे पुढचे केस कापले, मानेवरची पावडर झटकली आणि तिला जाऊ दिलं.

शिबिराच्या सकाळी बस शाळेपासून निघून आमच्याच रस्त्याने गेली. पोरं खिडक्यांतून ओरडत होती. मी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं. बस लांब गेली, मग जिन्यावर पावलं वाजली.

बबडी खाली आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोक्याला ताईची ओढणी गुंडाळलेली. ती ताईच्या खुर्चीत चढून बसली आणि ओढणी काढली. "नीट कर," म्हणाली.

ताईने कापड बांधलं. पाण्याचा फवारा मारला, कंगवा घेतला आणि ते खड्डे कसे सांधायचे ते बघत राहिली. मी माझ्या खुर्चीपाशी टॉवेल लावत होते. मनात म्हटलं, आज ही सांगेल. आरसा समोर आहे, पोर आपण होऊन बसली आहे, आज नाही तर कधीच नाही. ताईनेही आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ती तयार आहे. तिने श्वास घेतला.

"आई," बबडी म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. सगळं सांगायचंय."

"सांग ना."

 बबडीने आरशात मला शोधलं. रागाने नाही. राग असता तर मी तो झेलला असता. परक्या माणसाकडे बघतात तसं, अदबीने.

"मावशी," ती म्हणाली. मावशी. "जरा ड्रायर लावतेस का?"

माझ्या खुर्चीत कोणी नव्हतं. मी ड्रायर उचलला आणि बटण दाबलं.

घोंघाट सुरू झाला. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर गरम वारा सोडत मी उभी राहिले. आरशात बबडीचे ओठ हलत होते, भराभर, थांबून, पुन्हा भराभर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. ताईची कात्री थांबली होती. तिने बबडीच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बबडीने कापडाखालून हात काढून तो हात घट्ट धरला. ताईने तोंड मिटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको, राहू दे, असं.

ड्रायर तापला. मूठ भाजायला लागली. मी हात बदलला, पण बंद केला नाही. पोरीचं अजून संपलं नव्हतं.